दुखंना काही

"दुखंना काही, निसतं खुपल्यावाणी होतंय."

दादाचं हे वाक्य फोनवर ऐकलं तेव्हा जानेवारीचा पहिला आठवडा होता. तुरीची रास घरात येऊन चार दिवस झाले होते आणि मी लातूरला पाचवीच्या वह्या तपासत बसले होते. दुखत नाही म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो. मीही झाले. पुढचे अकरा आठवडे त्या निर्धास्तपणाचं देणं फेडण्यात गेले.

दादाला आधीची एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सहा वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. रक्तदाब कधीपासून वाढलेला होता हे कुणाला माहीतच नव्हतं. दीड वर्ष डायलिसिस, आणि मग मायनं तिची एक किडनी त्याला दिली. आमच्या भागात ही गोष्ट अगदीच अनोळखी नव्हती. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांना १९९५ साली त्यांच्या आईनं, अंजनाबाईंनी, किडनी दिली आणि त्यानंतर त्यांनी मोतीबिंदूच्या हजारो शस्त्रक्रिया केल्या, हे लातूर जिल्ह्यात लहान पोरांनाही ठाऊक असतं. मायला कुणीतरी हे पुन्हा एकदा सांगितलं. "त्या माउलीनं दिली, मग मला काय झालंय," एवढंच ती म्हणाली आणि तपासण्यांना निघाली.

तेव्हापासून सकाळी आठ आणि रात्री आठ ही आमच्या घरातली देवाच्या आरतीसारखी ठरलेली वेळ. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि जोडीला थोडं प्रेडनिसोलोन. मायची असली तरी दादाच्या शरीराच्या लेखी ती किडनी परकीच. परकं ओळखून त्याच्यावर तुटून पडण्याचा शरीराचा स्वभाव दाबून ठेवायचा, हेच त्या गोळ्यांचं काम. त्या चुकवायच्या नाहीत, उशिरा घ्यायच्या नाहीत. या गोळ्यांनी पुढं साखरही वाढली, तिची आणखी एक गोळी आली. दादानं नांगर-कुळव सोडला, पण शेत काही सोडलं नाही. त्याला कोणत्या तोंडानं सोड म्हणणार? मळणीच्या दिवशी तो यंत्रापासून चांगला लांब, लिंबाखाली उभा होता. वारं फिरलं आणि भुस्कटाचा लोट त्याच्या अंगावर आला. डोळ्यात काहीतरी गेलं. त्यानं पाण्यानं डोळा धुतला आणि पोती मोजायला लागला.

तिसऱ्या दिवशी डोळा थोडा लालसर झाला. गावातल्या मेडिकलवरून थेंबांची बाटली आली. लाली दोन दिवसांत उतरली आणि सगळ्यांना वाटलं, उतार पडला. त्या बाटलीत प्रतिजैविकासोबत स्टेरॉइडही होतं, हे आम्हाला नंतर कळलं. स्टेरॉइड लाली घालवतं, कारण लाली म्हणजे शरीराचा प्रतिकार आणि स्टेरॉइड त्या प्रतिकारालाच खाली बसवतं. आत बुरशी असेल तर तिला रान मोकळं मिळतं. दादाच्या अंगात असं दाबणारं औषध आधीच होतं, वर आम्ही डोळ्यातही घातलं.

आठव्या दिवशी मायच्या लक्षात आलं. उन्हात बसून दादा शेंगा फोडत होता आणि त्याच्या बुबुळावर राजगिऱ्याच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. "माज्या लेकराच्या डोळ्यात फूल पडलं की गं," असं ती फोनवर म्हणाली तेव्हा तिचा आवाज ओळखू येत नव्हता. बुबुळावर पांढरं आलं की आमच्याकडे फूल पडलं म्हणतात. एवढ्या दुष्ट गोष्टीला एवढं नाजूक नाव आहे, याचा मला त्या दिवसांत फार राग यायचा.

लातूरला डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी स्लिटलॅम्पवर हनुवटी टेकवायला लावली आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग पहिला प्रश्न विचारला तो डोळ्याबद्दल नव्हता. "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" मी पिशवीतून सगळ्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. त्यांनी टॅक्रोलिमसची पट्टी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. दादा तेवढ्यात म्हणाला, "मॅडम, तसं दुखंना काही."

त्या म्हणाल्या, "तेच तर वाईट आहे."

त्यांचं बालपण अहमदपूरकडच्या एका खेड्यात गेलेलं. त्यांनी जे समजावलं ते मी जन्मभर विसरणार नाही. लाली, सूज, ठणका, पाणी गळणं ही म्हणजे राखणीच्या कुत्र्याचं भुंकणं. चोर आला की ते भुंकतं म्हणून आपण जागे होतो. दादाच्या कुत्र्याला मुसकं बांधलेलं आहे आणि ते आपणच, विचार करून, किडनीसाठी बांधलेलं आहे. सोडता येत नाही. म्हणून अशा माणसाचा डोळा आतून कितीही बिघडला तरी वरून शांत दिसू शकतो. बुरशीशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी स्टेरॉइडनं मंदावतात, वाढलेल्या साखरेनं आणखी मंदावतात. ठिपक्याच्या कडा पिसासारख्या फाटलेल्या होत्या, मुख्य ठिपक्याशेजारी दोन बारके ठिपके वेगळे पडले होते, आणि जखम कोरडी, किंचित वर आलेली होती. त्यांना हे पाहूनच शंका आली होती, पण नुसत्या शंकेवर औषध सुरू करायचं नाही, असं त्या म्हणाल्या.

भुलीचे थेंब टाकून त्यांनी जखमेचा अगदी थोडा भाग खरवडून काचेवर घेतला. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब. त्यानं बाकीच्या पेशी विरघळून जातात आणि बुरशी तेवढी उरते. थोड्या वेळानं त्यांनी मलाही सूक्ष्मदर्शकात पाहायला बोलावलं. करड्या उजेडात फांद्या फुटलेले बारीक धागे होते, मध्येमध्ये पेरं असलेले. शिळ्या भाकरीवर येतं तेच, फक्त ते माझ्या भावाच्या डोळ्यातून आलेलं होतं. दुसरा नमुना त्यांनी वाढवायला ठेवला. पाचव्या दिवशी नाव कळलं, फ्युसेरियम. त्याच्या बीजाणूंचा आकार विळ्यासारखा असतो.

दादाला नाव सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडावरचा रंगच उडाला. म्हणाला, "म्हणजे तुरीला मर लागते, ती?"

मला हे माहीत नव्हतं, त्याला होतं. तुरीवरचा मर रोग फ्युसेरियम उडम नावाच्या बुरशीनं होतो, हरभऱ्यावरचा त्याच कुळातल्या दुसऱ्या बुरशीनं. माणसाच्या डोळ्यात शिरणाऱ्या जाती बहुतेक वेगळ्या असतात, पण गोत्र एकच आणि घरही एकच, माती. दादा पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतो, बदनापूरचं बीएसएमआर ७३६ वाण मर सहन करतं म्हणून तेच पेरतो. मर लागलेल्या झाडाचं खोड चिरलं की आत काळपट रेघा दिसतात हे तो पोरांना दाखवतो. आणि हेही त्याला ठाऊक होतं, की मर लागलेल्या झाडाला औषध नसतं. ते उपटून जाळायचं. त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या स्वतः त्याच्या खाटेपाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "झाडाला नाही, पण डोळ्याला औषध आहे. फक्त ते घड्याळ लावून घालावं लागतं."

त्या औषधाचं नाव नाटामायसिन, पाच टक्के. बाटली नुसती धरली तर खाली पांढरा गाळ बसलेला आणि वर पाणी. हलवली नाही तर डोळ्यात पाणीच जाणार. दर तासाला एक थेंब, दिवसाही आणि रात्रीही. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून पोटातून घेतलेलं औषध तिथं सहजी पोचत नाही, बाहेरून थेंबच पोचवावे लागतात. त्यातही नाटामायसिन खोलवर मुरत नाही. मॅडम दर दोन-तीन दिवसांनी जखमेचा वरचा थर खरवडून काढायच्या, म्हणजे खाली थोडी वाट व्हायची. हे औषध मातीतल्याच एका सूक्ष्मजीवापासून मिळालेलं आहे. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नताल प्रांतातल्या मातीत तो सापडला आणि औषधाला त्याच भागाचं नाव मिळालं. मायला हे सांगितलं तर तिनं बाटली कपाळाला लावली.

मी विचारलं होतं, याहून नवं, भारी काही नाही का? पैशाचं बघून घेऊ म्हटलं होतं. त्यावर मॅडमनी सांगितलं की दक्षिणेतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर नेमकी हीच तुलना करून पाहिली आहे. जुनं नाटामायसिन आणि नवं व्होरिकोनाझोल. २०१३ साली निकाल छापून आला आणि जुनं औषध सरस ठरलं, विशेषतः फ्युसेरियमसाठी. भारी म्हणजे चांगलं, हे आपल्या मनात किती घट्ट बसलेलं असतं.

वहिनी रात्री दोनपर्यंत, पुढं मी. मी शाळेत रजा टाकली होती. फोनचा गजर, हात धुणं, बाटली हलवणं, खालची पापणी ओढणं, थेंब, आणि नाकाच्या बाजूचा कोपरा बोटानं दाबून धरणं. बाटलीचं तोंड पापणीला लागू द्यायचं नाही. सोबत बाहुली मोठी ठेवणारे दुसरे थेंब होते, त्या दोन्हींत पाच मिनिटांचं अंतर. ते पाच मिनिटं काय करायचं? दादा डोळे मिटून पडलेला असायचा आणि आम्ही बोलायचो. इतकं बोलणं आमचं लहानपणानंतर झालं नव्हतं. आप्पा गेले त्या साली त्यानं शाळा सोडली आणि मला डी.एड.ला पाठवलं, त्याबद्दल मी त्याला पहिल्यांदा विचारलं ते रात्री साडेतीन वाजता, त्याच्या गालावर औषधाची पांढरी पुटं वाळलेली असताना. "तू शिकलीस म्हून आज बाटलीवरचं वाचायलीस," एवढंच तो म्हणाला.

भेटायला येणाऱ्यांचे सल्ले मात्र छळायचे. कुणी मध घाला म्हणायचं, कुणी एरंडेल. डोळ्यात तसलं काहीही घालू नका हे सांगून माझं तोंड दुखलं. त्याहून घातक सल्ला होता तो "त्या किडनीच्या गोळ्याच बंद करा, मग डोळा बरा होईल" हा. तो वरकरणी बरोबर वाटतो म्हणूनच घातक. टॅक्रोलिमस थांबवलं तर शरीर किडनी नाकारायला लागतं, आणि बरेच दिवस चालू असलेलं प्रेडनिसोलोन एकाएकी तोडलं तर जिवावरही बेतू शकतं. आमच्या समोर मॅडमनी किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघांनी मिळून मायकोफेनोलेट निम्मं केलं, बाकीच्याला हात लावला नाही, साखरेवर दिवसातून चार वेळा नजर ठेवायला सांगितली.

त्याच संध्याकाळी माय मॅडमना म्हणाली, "किडनीचं मागून बघू, डोळा जाऊ देऊ नका." दादा आतून ओरडला, "डोळे दोन आहेत, माय. तुझी दिलेली एकच आहे." बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

बुरशी हा शब्द आमच्या घरात आधीच एकदा येऊन गेला होता. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या गल्लीतल्या एका काकांचा डोळा काळ्या बुरशीत काढावा लागला. म्युकरमायकोसिसची नोंद सरकारला कळवणं तेव्हा सक्तीचं झालं होतं, आणि तिच्यावरच्या अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक लातूरहून सोलापूर, सोलापूरहून हैदराबाद असे फोन लावत होते. ती बुरशी नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांतून डोळ्याच्या खोबणीत घुसते, रक्तवाहिन्यांतच शिरून त्या बंद करते. मांस काळं पडतं आणि रक्तच जात नाही तिथं औषध तरी कसं जाणार, म्हणून मेलेला भाग कापून काढावा लागतो. कोरोनात दिलेली स्टेरॉइडं आणि बेताल साखर यांनी तिला वाट करून दिली होती. मायनं बुरशी ऐकलं आणि तिच्या डोळ्यांसमोर ते काका आले. दादाची बुरशी वेगळी, तिची वाट वेगळी, हे तिला समजवायला दोन दिवस गेले. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसांत तिसरी एक वाटही असते. शिरेत बरेच दिवस नळी असलेल्या, अतिदक्षता विभागातून आलेल्या रुग्णांत कँडिडा नावाची बुरशी रक्तातून थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जाऊन बसते. तिथं बुबुळ स्वच्छ दिसतं, फक्त माणूस म्हणतो की डोळ्यापुढं जाळी तरंगते. तिच्यावर चालणारं फ्लुकोनाझोल फ्युसेरियमवर मात्र चालत नाही. एकाचं औषध दुसऱ्याला देऊन कसं चालेल?

थेंब सुरू झाल्यापासून दहाव्या दिवशी बुबुळामागे खाली पांढरी आडवी रेघ दिसली. पू. जखम खोल गेली होती. मॅडमनी वेळ न घालवता हैदराबादला चिठ्ठी दिली.

उदगीर, बिदर, झहिराबाद. आजोबा सांगायचे की निजामाच्या काळात आमच्याकडच्या माणसाला मोठं शहर म्हटलं की हैदराबादच आठवायचं. १९४८ ला राज्य बदललं, पण आजाराची वाट आमच्या भागातल्या किती घरांची अजून तीच आहे. बसमध्येही थेंब चुकवले नाहीत. भालकीच्या अलीकडे रस्ता इतका खराब की ड्रायव्हरदादांनी आमच्यासाठी दर तासाला गाडी मिनिटभर उभी केली. त्या अनोळखी माणसाला माझा नमस्कार.

तिथं व्होरिकोनाझोल थेट बुबुळाच्या थरात, जखमेच्या चारी बाजूंनी सुईनं सोडलं. केसाएवढी बारीक सुई आणि अर्ध्या मिलिमीटरहून थोडासाच जाड पडदा. सलग नाही, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं तीनदा. अँफोटेरिसिन शिरेतून द्यायचा विचार झाला नाही, कारण ते किडनीला जड जातं. व्होरिकोनाझोलच्या गोळ्यांवर मात्र बराच खल झाला. गोळ्यांनी सर्वांनाच फायदा होतो असं दिसलेलं नाही, पण जखम खोल आहे आणि माणूस असा, तर द्याव्यात असं ठरलं. अडचण अशी की व्होरिकोनाझोल सुरू झालं की टॅक्रोलिमस शरीरातून बाहेर पडेना होतं, रक्तात साठत जातं आणि किडनीलाच मारतं. म्हणून पहिल्याच दिवशी टॅक्रोलिमस एकतृतीयांशावर आणलं आणि दर दोन-तीन दिवसांनी त्याची रक्तातली पातळी पाहिली. मी हे मुद्दाम लिहिते आहे. किडनी बसवलेल्या माणसाला बुरशीचं औषध कुणी लिहून दिलं तर ती चिठ्ठी किडनीच्या डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पहिली गोळी तोंडात जाऊ नये. आणि बुरशीचं औषध थांबतं त्या दिवशीही त्यांना कळवावं, कारण तेव्हा उलटं होतं, पातळी घसरते.

त्या गोळ्या घेतल्यावर अर्ध्या तासानं दादाला भिंतीवर निळसर लाटा दिसायच्या. हा औषधाचाच परिणाम, थोड्या वेळानं जातो, हे आधी सांगितलेलं होतं म्हणून तो घाबरला नाही. उलट चांगल्या डोळ्यानं ते पाहत पडून राहायचा. उन्हात मात्र जायचं नाही, कातडी भाजल्यासारखी होते.

बरं होणं आम्हाला दिसतच नव्हतं. जिवाणूंची जखम बरी व्हायला लागली की दोन दिवसांत कळतं म्हणे, बुरशीचं तसं नाही. रोज सकाळी मी मोबाइलवर डोळ्याचा फोटो काढायचे आणि कालच्या फोटोशेजारी ठेवायचे. सहाव्या आठवड्यात कुठं फाटलेल्या कडा गोलसर वाटल्या. मी कुणाला सांगितलं नाही. आणखी तीन दिवसांनी डॉक्टर तेच म्हणाले तेव्हा मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि खूप रडले. थेंब तरीही थांबले नाहीत. तासाचे दोन तास झाले, दोनाचे चार. वरून भरलं म्हणून सोडलं की आतली पुन्हा डोकं काढते.

डोळा राहिला. किडनी राहिली, तिचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन एकदा वर जाऊन पुन्हा जागेवर आलं. बुबुळावर पांढरा डाग कायमचा आहे आणि त्या डोळ्यानं दादाला दोन मीटरवरची बोटं मोजता येतात, एवढंच. कुणाचं तरी बुबुळ मिळालं तर बदलता येईल, पण आधी काही महिने डोळा शांत राहायला हवा. त्याचं नाव यादीत आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत बुबुळ काढावं लागतं, आणि आमच्या गावातून ते सहा तास बऱ्याचदा पाहुण्यांची वाट पाहण्यातच जातात. मायनं नेत्रदानाचा अर्ज भरला. अंगठ्याऐवजी सही केली, नातवाकडून आठ दिवस गिरवून घेतलेली. "एक किडनी तर देऊन बसलेय, बाकीचं काय वर न्यायचंय," म्हणाली.

यंदाच्या मळणीला दादा गेला नाही. वहिनीनं यंत्रावरच्या सगळ्या माणसांना चष्मे आणून दिले, बाजारातले साधे, बाजूनं बंद असलेले. दोघांनी काढून ठेवले, बाकीच्यांनी दिवसभर लावले.

परवा रात्री नऊला दादाचा फोन आला. आवाज घाईचा होता. शेजारच्या वस्तीवरच्या एका म्हातारबांना संधिवातासाठी वर्षभर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. ऊस तोडताना पाचट डोळ्याला लागलं, चार दिवस झाले. मॅडमचा नंबर हवा होता.

"दुखायलंय का त्यांना?" मी विचारलं.

"दुखंना म्हणतेत," दादा म्हणाला. "म्हून तर गाडी काढलीय."